ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पाना कंपनीचा

मृगाचा पाऊस पडून जातो, जमिनीला वाफसा येतो आणि पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजके तीन-चार दिवस उरतात. हलक्या रानात तेवढेही नसतात. नेमक्या अशा वेळी कर्ज काढून घेतलेला वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर बांधाशी उभा राहतो. बिघाड मोठा नसतो. हायड्रॉलिक लिफ्टचे एक रबरी सील फाटलेले असते, म्हणून मागचे अवजार उचलले जात नाही. तालुक्याच्या गावचा अधिकृत विक्रेता सांगतो की भाग डेपोतून मागवावा लागेल, मिस्त्री आठवड्याने येईल आणि तोवर गावातल्या कोणी ट्रॅक्टर उघडला तर वॉरंटी संपली असे समजावे. आठवड्याने मिस्त्री येईल, पण वाफसा थांबणार नाही. शेतकरी ट्रॅक्टर ओढत फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडपाशी नेतो. तेथला फिटर सिलिंडर उघडतो, पिस्टनवरची खाच बोटाने तपासतो, त्याच मापाचे सील डब्यातून शोधून बसवतो आणि दिवस मावळायच्या आत यंत्र शेतात परत जाते. पेरणी साधते. वॉरंटी मात्र कंपनीच्या कागदावर मेलेली असते.

या लहानशा प्रसंगात भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणातील सारे वर्गसंबंध एकवटले आहेत. ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तिकेवर नाव शेतकऱ्याचे असते. हप्ता तो भरतो, डिझेल तो घालतो, पावसाचा जुगार तो खेळतो. परंतु ते यंत्र कोणी उघडावे, त्यात कोणता भाग घालावा, त्याच्यामागे कोणते अवजार जोडावे, हे ठरविण्याचा अधिकार विक्रीनंतरही कंपनी आपल्याकडेच ठेवू पाहते. मालकी विकायची आणि ताबा राखायचा, असा हा व्यवहार आहे. जो फिटर हा ताबा रोज मोडून काढतो, त्याच्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा सत्ताधारी वर्गाने रूढ केल्या आहेत. एक त्याला नियम मोडणारा भोंदू ठरविते. दुसरी त्याला 'जुगाडाचा जादूगार' म्हणून हार घालते. दोन्ही तऱ्हा खोट्या आहेत आणि दोन्ही एकाच हिताची सेवा करतात.

भात्यापासून वेल्डिंगपर्यंत

शेतीचे अवजार गावात घडणे ही या देशात नवलाची गोष्ट नाही. शतकानुशतके तिफण, वखर, कोळपे गावच्या सुताराने आणि लोहाराने घडविले. त्या बलुतेदारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कारागिराचे कसब जातीच्या खुंटीला बांधलेले होते आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या दात्याच्या मर्जीवर अवलंबून होता. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट निश्चित होती. अवजार वापरणारा आणि घडविणारा एकाच शिवारात राहत, आणि अवजाराचा दोष दुसऱ्या दिवशी घडविणाऱ्याच्या दारात येऊन उभा राही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीशी त्यांना झगडावे लागले. पुढे तो नांगर रुजला, त्याचे कारण हेही की इथली माती आणि इथले बैल पाहून तो घडविला गेला होता.

आज तेच काम वेल्डिंगच्या शेडमध्ये चालते. छोट्या ट्रॅक्टरसाठी तेथे काय काय तयार होते, याची यादी करायला कोणा तज्ज्ञाला सवड झालेली नाही. भंगारात निघालेल्या मालमोटारीच्या चॅनेलमधून आडवी चौकट बनते. त्याच मोटारीच्या पाट्यांचे स्प्रिंगचे पोलाद तापवून, वाकवून, पाणी देऊन त्याचे फण घडतात, कारण साधे लोखंड काळ्या चिकण रानात एका हंगामात झिजून जाते. फणाच्या टोकावर कठीण धातूच्या कांडीने वेल्डिंगचा थर चढविला की त्याचे आयुष्य वाढते. कंपनीच्या कल्टिव्हेटरचे फण कारखान्याला सोयीच्या अंतरावर असतात, पण कापसाची ओळ निराळी, सोयाबीनची निराळी, तुरीची त्याहून निराळी. म्हणून फिटर सरकणारे क्लॅम्प बसवितो आणि एकच चौकट तीन पिकांच्या कोळपणीला चालवितो. उसाला भर लावण्यासाठी दोन बाजूंना माती फेकणारी पंखे, भाताच्या चिखलणीसाठी लोखंडी पट्ट्यांची चाके, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाईल असा अरुंद फवारणी-सांगाडा, जुन्या तिफणीचे चाडे आणि नळे थ्री-पॉइंट लिंकेजवर चढवून केलेले पेरणीयंत्र, हे सारे या शेडमधून बाहेर पडते.

मक्तेदार कारखाना एक साचा करतो आणि लाखो शेतांना त्या साच्यात बसायला सांगतो. शेडमधला फिटर एका शेताचे माप घेतो आणि लोखंडाला त्या मापात बसवितो. पहिल्याला 'तंत्रज्ञान' म्हणतात, दुसऱ्याला 'देशी उपाय' म्हणतात. ज्ञानाची ही प्रतवारी विज्ञानाच्या कसोटीवर झालेली नाही. ती भांडवलाच्या कसोटीवर झालेली आहे. पंजाबातील नाभा आणि भादसों येथे कंबाइन हार्वेस्टरचा जो उद्योग उभा आहे, त्याची मुळे लहान वर्कशॉपमध्येच आहेत. राजकोटच्या डिझेल इंजिनांची आणि शेती अवजारांची कहाणीही तशीच आहे. जेथे कारागिराला पोलाद, यंत्र आणि बाजार मिळाला, तेथे त्याच्या हातातून उद्योग निर्माण झाला. जेथे मिळाला नाही, तेथे तो पत्र्याच्या शेडमध्येच राहिला.

जुगाडाचे गोडवे

गेल्या काही वर्षांत व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांना गरिबाच्या कल्पकतेचा अचानक पुळका आला आहे. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' या नावाचे इंग्रजी पुस्तकच निघाले आणि बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना भारतीय खेड्यापासून काटकसर शिकण्याचा सल्ला मिळाला. पाणी उपसण्याचे इंजिन लाकडी गाड्यावर चढवून उत्तर भारतात जे वाहन बनते, त्याचे नाव आता सभागृहांतून कौतुकाने घेतले जाते.

या कौतुकात काय लपविले जाते ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहावे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाके आणि अवजारे जोडण्याचा दांडा बसविला. त्यांची 'बुलेट सांती' नांगरते, कोळपते, पेरते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या कामाची दखल घेतली आणि त्यांना अमेरिकेचे पेटंटही मिळाले. जगानी यांच्या बुद्धीला आणि हातांना सलाम करायला कोणालाही संकोच वाटू नये. परंतु भांडवली वृत्तपत्रे जेथे थांबतात तेथून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. अवर्षणाने चारा संपला, बैलजोडी परवडेनाशी झाली, ट्रॅक्टर तर आवाक्याबाहेरच होता, म्हणून एका कुशल कारागिराला मोटारसायकलीचा ट्रॅक्टर करावा लागला. ज्या देशात लोखंडाची खाण आहे, पोलादाचे कारखाने आहेत, अभियंत्यांच्या फौजा आहेत, त्या देशात दोन हेक्टरांच्या आतल्या शेतकऱ्यासाठी यंत्र का नव्हते?

२०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सुमारे ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन आहे आणि सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. याउलट ट्रॅक्टरच्या बाजारपेठेत मोठा वाटा ३० ते ५० अश्वशक्तीच्या यंत्रांचा आहे. म्हणजे बहुसंख्यांच्या शेताला जे यंत्र हवे, त्याच्याभोवती उद्योगाची रचनाच झालेली नाही. या उणिवेची भरपाई शेडमधला फिटर आणि शेतकरी आपल्या रात्रींनी, आपल्या बोटांनी आणि आपल्या जोखमीने करतात. या श्रमाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. जुगाडाचे गोडवे म्हणजे या फुकट श्रमाला दिलेली शाबासकी आहे. ज्याला पोलाद द्यायचे नाही, पतपुरवठा द्यायचा नाही, प्रयोगशाळा द्यायची नाही, त्याला पदक देऊन मोकळे व्हायचे, हे राज्यकर्त्यांना स्वस्त पडते.

वॉरंटीचा फास आणि अनुदानाची चाळणी

आता दुसऱ्या तऱ्हेकडे वळावे. गावचा फिटर धोकादायक आहे, बाहेरचा भाग बनावट आहे, घरगुती अवजाराने इंजिन खराब होते, असा प्रचार विक्रेत्यांच्या दुकानांतून अखंड चालतो. त्यात कधी तथ्यही असते, त्याचा विचार पुढे केला आहे. परंतु या प्रचाराचा हेतू सुरक्षितता असता, तर कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये छापून गावोगाव वाटली असती. गेअरबॉक्सची मापे, बेअरिंगचे क्रमांक, नोझलचा दाब जाहीर केला असता. तसे होत नाही. माहिती दडवायची आणि मग अज्ञानाचा दोष फिटरच्या माथी मारायचा, ही पद्धत आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे मोटारगाड्यांच्या धंद्याने सिद्ध केले आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू न देणे हा त्यांचा अपराध होता. पुढे अपिले झाली आणि वर्षे गेली. परंतु विक्रीनंतरच्या दुरुस्तीवर मक्ता बसविणे हा नफ्याचा ठरलेला मार्ग आहे, हे त्या प्रकरणात उघडे पडले. मोटारगाडीवाल्याचे गाऱ्हाणे निदान आयोगापर्यंत पोहोचले. वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा मालक कोणत्या आयोगाकडे जाणार?

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी एक समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत शेतीची यंत्रेही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी आपली माहिती तेथे स्वखुशीने द्यावी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा त्याच्याच खुशीवर अंकुश सोपवावा, हा या सरकारचा जुना खाक्या आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पेरणीच्या दिवशी अडलेल्या शेतकऱ्याला संकेतस्थळाने सील मिळत नाही.

भांडवलशाहीच्या माहेरघरी काय चालले आहे तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत डिअर अँड कंपनीने आपल्या यंत्रांतील संगणकीय कुलपाची किल्ली अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेवली, म्हणून तेथील शेतकरी वर्षानुवर्षे लढत आले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा अधिकार देणारा कायदा केला. २०२५ च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशन आणि दोन राज्ये या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली. शेकडो एकरांचा धनी असलेला अमेरिकन शेतकरीही जेथे आपल्या ट्रॅक्टरचा पूर्ण मालक नाही, तेथे अडीच एकरवाल्याची काय कथा! भारतातही ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. धूर कमी व्हावा याला कोणाचा विरोध नाही. परंतु उद्या छोट्या यंत्रातही ते नियंत्रण आले आणि त्याची तपासणी केवळ कंपनीच्या लॅपटॉपवर होऊ लागली, तर फाट्यावरच्या शेडला कुलूप लागेल. हवा स्वच्छ ठेवण्याच्या निमित्ताने दुरुस्तीचा मक्ता पक्का करू देता कामा नये.

तिसरा फास अनुदानाचा आहे. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली लहान व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अवजाराच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. परंतु ते मिळते सरकारमान्य चाचणी झालेल्या यंत्राला. चाचणीची केंद्रे कोठे आहेत? मध्य प्रदेशात बुदनी, हरियाणात हिसार, आंध्रात गार्लादिन्ने, आसामात बिस्वनाथ चारिआली, शिवाय काही नेमलेल्या संस्था. वर्षाला पंधरा-वीस कोळपी घडविणाऱ्या शेडवाल्याने आपले कोळपे बुदनीला न्यावे, शुल्क भरावे, महिनोन्महिने वाट पाहावी, असे गृहीत धरलेले आहे. हे होणे नाही. परिणामी शेताच्या मापाचे गावचे अवजार अनुदानाच्या यादीबाहेर राहते आणि साच्यातले यादीत बसते. अनुदान शेतकऱ्याच्या नावाने निघते आणि कारखानदाराच्या गल्ल्यात पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणि टायर व अनेक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत स्वागतार्ह आहे. परंतु ज्या भागाचा विक्रेता एकच, त्याची किंमत कर ठरवीत नाही, विक्रेता ठरवितो.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती. सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये आणि मासिक उत्पन्न सारे मिळून १०,२१८ रुपये. अशा घरात ट्रॅक्टर आठ दिवस बंद पडणे याचा अर्थ हप्ता चुकणे, आणि हप्ता चुकणे याचा अर्थ वसुलीवाला दारात येणे.

जे उभारले होते ते का मोडले

लहान शेताला लागणारे, सहज उघडता येणारे यंत्र या देशात बनूच शकत नव्हते, असे कोणी म्हणेल तर तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. सत्तरच्या दशकात समाजवादी देशांतून आलेले ट्रॅक्टर शेतकऱ्यांनी वापरले. सोव्हिएत टी-२५ हे त्यांतले एक. दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे त्याचे इंजिन साधे होते. रेडिएटर नाही, म्हणून रेडिएटरचे दुखणेही नाही. १९७१ पासून पिंजोर येथे एच.एम.टी. या सार्वजनिक कारखान्याने चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने २५ अश्वशक्तीचा झेटॉर बांधला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तर परदेशी सहकार्यावाचून ट्रॅक्टरचा आराखडा केला. केंद्राने त्याकडे पाठ फिरविली, तेव्हा पंजाब सरकारने १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी स्थापली आणि १९७४ मध्ये 'स्वराज ७२४' शेतात उतरला. भारतीय अभियंता आणि भारतीय कामगार काय करू शकतात याचा तो जिवंत पुरावा होता.

पुढे काय झाले? २००३ मध्ये पंजाब सरकारचा हिस्सा विकला गेला आणि २००७ मध्ये ती कंपनी महिंद्रच्या हाती गेली. २०१६ मध्ये पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. ज्या शेतकऱ्यांकडे जुने एच.एम.टी. होते, त्यांना आता भाग कोण पुरविणार, हा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांना पडला नाही. तो प्रश्न पडला भंगार बाजारातल्या दुकानदाराला आणि शेडमधल्या फिटरला, आणि त्यांनीच तो सोडविला. केरळमध्ये १९७३ साली स्थापन झालेले केरळ ॲग्रो मशिनरी कॉर्पोरेशन हे राज्य सरकारचे महामंडळ पॉवर टिलर बनविते. लहान शेताचे यंत्र सार्वजनिक क्षेत्र देऊ शकते, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

धोका खरा आहे

शेडमधल्या कामाची बाजू घेताना डोळ्यांवर पट्टी बांधण्याची गरज नाही. घरगुती जोडणीने माणसे मेली आहेत आणि हात तुटले आहेत. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उघड्या दांड्यात धोतराचे टोक, साडीचा पदर किंवा ओढणी सापडली, तर माणसाने हात उचलेपर्यंत ती गुंडाळली गेलेली असते. ओढायचे वजन खालच्या ड्रॉबारऐवजी टॉप लिंकच्या जागी बांधले, तर पुढची चाके उचलून छोटा ट्रॅक्टर चालकावर उलटतो. रोटाव्हेटरच्या शाफ्टवरचा शिअर बोल्ट दगड लागल्यावर तुटण्यासाठीच मऊ ठेवलेला असतो. त्याच्या जागी कोणी घाईने कठीण बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला गेअरबॉक्स फुटतो. डिझेलची टाकी नीट रिकामी न करता वेल्डिंग केले, तर काय होते ते सांगायला नको.

परंतु या अपघातांचा धडा कोणता? मळणीयंत्रात मजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा करावा लागला आणि त्यात उत्पादकाची जबाबदारी व जखमीची भरपाई यांची तरतूद आली. त्या यंत्रांना संरक्षक घमेले आणि चारा लोटण्याचा लांब तोंडाचा मार्ग बसविता येत होता. प्रश्न होता तो बसविण्याची सक्ती कोण करतो हा. आजही तेच आहे. पीटीओ दांड्यावरचे आवरण काढून फेकले जाते, कारण ते तुटल्यावर त्याचा भाग मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. फिटरला कोणी शिकविले नाही, त्याचे काम कोणी तपासले नाही, त्याला विमा नाही, डोळ्यांना काळी काचही नाही. कित्येक फिटर वेल्डिंगच्या ठिणगीने डोळे सुजवून घेऊन रात्री झोपतात. धोका हे शेड बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. धोका हे शेडमध्ये शास्त्र, साधन आणि संरक्षण नेण्याचे कारण आहे.

चळवळीतील दोन आक्षेप

खुद्द किसान चळवळीत या प्रश्नाकडे पाहण्याबाबत दोन आक्षेप ऐकू येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की हा छोट्या मालकाचा प्रश्न आहे. जमिनीचे फेरवाटप आणि सहकारी शेती झाल्यावाचून पान्याबिन्याची चर्चा म्हणजे वरवरची मलमपट्टी. या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे, उरलेला अर्धा दिशाभूल करणारा आहे. सामुदायिक शेतीलाही यंत्र दुरुस्त करावे लागते. सोव्हिएत युनियनमध्ये १९२८ पासून मशीन-ट्रॅक्टर स्थानके उभी राहिली. ट्रॅक्टर, चालक आणि दुरुस्तीची कार्यशाळा एकत्र ठेवून ती सामुदायिक शेतांना सेवा देत. त्यांच्या कारभारात नोकरशाहीचे दोष होते. परंतु १९५८ मध्ये ती मोडून यंत्रे घाईने शेतांना विकण्यात आली, तेव्हा अनेक शेतांवर किमतीचा बोजा पडला आणि कुशल मिस्त्री पांगले. यंत्राची मालकी कोणाचीही असो, दुरुस्तीची संघटित व्यवस्था नसेल तर ती मालकी पोकळ राहते, हा त्या अनुभवाचा बोध आहे. जो आज शेडमधल्या ज्ञानाला तुच्छ लेखतो, तो उद्याच्या सहकारी शेतीचा मिस्त्री आजच गमावून बसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शेतमजुरांकडून येतो. २०११ च्या जनगणनेत देशात ११.८८ कोटी शेतकरी आणि १४.४३ कोटी शेतमजूर होते. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे कोळप्याची चौकट आली की खुरपणीचे दिवस घटतात, आणि खुरपणीची मजुरी बहुतांशी स्त्रियांची आहे. मग फिटरच्या कल्पकतेचे कौतुक शेतमजूर बाईने का करावे?

या प्रश्नाला गोड शब्दांनी बगल देणे हा अप्रामाणिकपणा होईल. यंत्र मजुरी हिरावते हे खरे आहे. परंतु मजुरी हिरावण्याचे काम लोखंडाचे नसते, मालकीच्या रचनेचे असते. दिवसभर वाकून खुरपणे हे कोणाचे भाग्य नव्हे. त्या वाकण्यातून सुटका होणे हा अन्याय नाही, सुटकेबरोबर भाकरी जाणे हा अन्याय आहे. म्हणून दुरुस्तीच्या हक्काची मागणी रोजगाराच्या हमीच्या मागणीपासून तोडता येत नाही. आणखी पुढे जाऊन म्हणावे लागेल की तेच छोटे यंत्र शेतमजुरांच्या आणि स्त्रियांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे असेल, तिच्यातल्या मुलींच्या हाती पाना आणि वेल्डिंगचा होल्डर असेल, तर भाड्याचे पैसे गावच्या धनिकाच्या घरी न जाता मजुरांच्या वस्तीत येतील. आजच्या यंत्र-भाडेकेंद्रांची सूत्रे बहुधा ज्याच्याकडे आधीच ट्रॅक्टर आणि पत आहे त्याच्याच हाती जातात. ती सूत्रे कोणाच्या हाती असावीत, हा खरा वर्गीय प्रश्न आहे. शेतकरी आणि शेतमजूर यांच्यात यंत्रावरून भांडण लावणे मालकवर्गाला सोयीचे आहे. ते भांडण लागू न देणे हे चळवळीचे काम आहे.

मागण्या

या विवेचनातून काही स्पष्ट मागण्या निघतात. किसान सभा, शेतमजूर संघटना आणि इंजिनिअरिंग कामगारांच्या युनियन यांनी त्या एकत्र मांडल्या पाहिजेत.

१. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. प्रत्येक उत्पादकाने सुट्या भागांची यादी व किंमत, दुरुस्तीची पुस्तिका आणि तपासणीची साधने भारतीय भाषांत, स्वतंत्र फिटरला परवडेल अशा दरात उपलब्ध करावीत. एखादे मॉडेल बंद झाल्यावरही किमान पंधरा वर्षे भाग पुरविण्याचे बंधन असावे.

२. बाहेर दुरुस्ती केली किंवा गावचे अवजार जोडले एवढ्या कारणावरून वॉरंटी रद्द करता येऊ नये. बिघाड त्याच कारणाने झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी.

३. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गावच्या अवजारांची विनाशुल्क चाचणी व्हावी. इतर राज्यांतही तीच सोय हवी. चाचणीत उतरलेले अवजार अनुदानाच्या यादीत यावे, मग ते कोणी का घडविलेले असेना.

४. प्रत्येक तालुक्यात सार्वजनिक कार्यशाळा उभारावी. लेथ, ड्रिल, हायड्रॉलिक प्रेस आणि नोझल-तपासणीचे यंत्र तेथे असावे. फिटरांच्या आणि शेतमजुरांच्या सहकारी संस्थांना ती अल्प दरात वापरता यावी.

५. पीटीओ दांड्याची आवरणे आणि उलटण्यापासून वाचविणारी चौकट जुन्या ट्रॅक्टरांनाही मोफत बसवावी. फिटरांना अपघात विमा, डोळ्यांच्या संरक्षणाची साधने आणि सामाजिक सुरक्षा मिळावी.

६. यांत्रिकीकरणाने जेथे मजुरीचे दिवस घटतील, तेथे किमान वेतनाने हमीचे काम मिळावे, आणि यंत्र-भाडेकेंद्रांत शेतमजुरांच्या व स्त्रियांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क असावा.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. कोट्यवधींची करमाफी ज्यांना मिळते, त्यांच्या एका वर्षाच्या सवलतीपुढे तालुक्याची कार्यशाळा ही किरकोळ बाब आहे. अडचण पैशाची नाही. गावातल्या माणसाच्या हाती यंत्राचे ज्ञान आणि यंत्राचा ताबा जाऊ द्यायचा की नाही, या निर्णयाची आहे.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी दिल्लीच्या वेशीवर मुक्काम ठोकला, तेव्हा त्यांच्या ट्रॉल्याच त्यांची घरे झाल्या. ताडपत्री, बांबू आणि पत्रा यांतून त्यांनी भिंती केल्या, छप्पर केले, रात्री काढल्या. ज्यांनी जन्मभर शेतात मोडके यंत्र जोडून चालविले होते, त्यांना रस्त्यावर गाव वसविणे अवघड गेले नाही. वर्षभराने सरकारला तीन कायदे मागे घ्यावे लागले. त्या विजयात सभा होत्या, घोषणा होत्या, हुतात्मे होते. त्यात त्या हातांचेही श्रेय होते, ज्यांना पाना धरता येतो. आता त्याच हातांनी आपल्या ट्रॅक्टरचे बोनेट आपल्या हक्काने उघडण्याची मागणी पुढे रेटली पाहिजे. पुढच्या मृगात बांधाशी उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला डेपोची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी साधले पाहिजे.